चांगलं म्हणायचं काम

६ जानेवारी

आज एक जुना विद्यार्थी घरी आला. शाळेत त्याला सगळे गोगलगाय म्हणायचे, कारण फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत पुढचा तास सुरू झालेला असायचा. आता तो गावातल्या साप्ताहिकाचा संपादक आहे. केस पिकले, पोट सुटलं, तरी माझ्यासमोर खुर्चीच्या काठावरच बसला.

त्याच्याकडे पुस्तकांवर आणि गाण्या-नाटकांच्या कार्यक्रमांवर लिहिणारे गृहस्थ मुलीकडे कायमचे राहायला गेलेत. सदर रिकामं पडलंय. तुम्ही लिहाल का, असं तो फार वळणं घेत विचारत होता. मी म्हटलं, अरे, मी जन्मभर भाषा शिकवली म्हणजे दुसऱ्यांच्या चुकाच काढल्या. तो म्हणाला, ते माहीत आहे बाई, माझ्याही काढल्यात. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसले होते.

घरात तरी काय करायचं? मुलगा पुलाच्या कामावर दूर असतो, अधूनमधून येतो. सून दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. संध्याकाळी तिला सांगितलं, तर म्हणाली, "छान." तिला सगळंच छान. मुलगी गुणी आहे, उलट उत्तर नाही, पण पाण्यासारखी आहे. रंग नाही, चव नाही.

नाटकांवरही लिहिणार का, एवढं मात्र तिने विचारलं. हो म्हटलं. भाजी चिरता चिरता तिची सुरी थांबली, मग पुन्हा चालू लागली.

१२ जानेवारी

पहिलं परीक्षण लिहून दिलं. हौशी मंडळींचं नाटक होतं. नायकाला 'श' म्हणता येत नाही. नायिका पत्र वाचताना कागद उलटा धरते. रंगवलेला चंद्र खिडकीत उगवतो आणि दार उघडलं की दारातही तोच. सगळं मुद्देसूद लिहिलं आणि सुनेला वाचून दाखवलं.

"काहीच चांगलं नव्हतं का, आई?"

मी म्हटलं, होतं की, पडदा वेळेवर पडला. मला वाटलं होतं हसेल. हसली नाही. विनोदबुद्धी प्रत्येकाला असतेच असं नाही.

१८ जानेवारी

संपादकाने बोलावून घेतलं. त्या नायकाची आई कचेरीत येऊन रडून गेली म्हणे. मी विचारलं, यात खोटं काय लिहिलंय ते दाखव. खोटं काहीच नाही, असं तो म्हणाला. मग चष्मा पुसला, घसा साफ केला आणि गोगलगायीने शिंगं बाहेर काढली.

"बाई, चुका काढायला लोकांना घरची माणसं आहेत. आपलं सदर चांगलं काय आहे ते दाखवण्यासाठी आहे. खोटं लिहू नका. पण चांगलं सापडेपर्यंत जागेवरून उठूही नका."

मी तडक निघून आले. येताना ओळखीच्या दोघीजणी भेटल्या, त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सदर गेलं खड्ड्यात.

१९ जानेवारी

सदर सोडणार नाही. गोगलगायीला वाटायला नको की बाईंना जमलं नाही.

२७ जानेवारी

परवा एक चित्रांचं पुस्तक परीक्षणाला आलं होतं. एका टपालवाल्या बाईने वाटेत दिसलेल्या रिकाम्या घरट्यांची चित्रं काढलीत. मी त्याला अप्रतिम म्हटलं, नितांतसुंदर म्हटलं, शब्दांच्या पलीकडचं म्हटलं. झालं की चांगलं म्हणून. लेख परत आला. प्रत्येक 'अप्रतिम'भोवती गोल काढलेला, आणि समासात लिहिलेलं: म्हणजे नेमकं काय झालं? तेही लाल शाईने. चोरावर मोर म्हणतात तो हाच.

रागारागाने पुस्तक पुन्हा उघडलं. म्हटलं, बघू तरी काय झालं ते. एका घरट्यात काटक्यांमधून निळ्या लोकरीचा धागा गेलेला आहे. खाली बारीक अक्षरात त्या बाईने लिहिलंय, "हा माझ्या स्वेटरचा." मी एकटीच मोठ्याने हसले. मग पुढची सगळी पानं हळूहळू पाहिली. एक घरटं जुन्या पायताणात होतं. एक इतकं विसविशीत की त्यात अंडं कसं राहिलं असेल याची मला काळजी लागली.

नवा लेख असा सुरू केला: "या पुस्तकात पक्षी एकही नाही, तरी पान उलटताना हात आपोआप हलका होतो, न जाणो, आतला उडून जायचा." संपादकाने एकही गोल काढला नाही. फोनवर नुसतं "बाई" म्हणाला आणि थांबला. त्याचं वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो, मी फोन ठेवून दिला. पण दिवसभर बरं वाटत होतं.

९ फेब्रुवारी

एका वृद्ध गायिकेच्या कार्यक्रमाला गेले होते. गळा थकलाय. पूर्वीची मी असते तर कुठले स्वर निसटले ते क्रमाने मांडलं असतं. काल मात्र खुर्चीत घट्ट बसून राहिले, सापडेपर्यंत उठायचं नाही म्हणून.

सापडलं ते शेवटच्या गाण्यात. वरचा एक स्वर तिला लागणार नाही हे तिलाही ठाऊक होतं, आम्हालाही. ती त्या स्वरापाशी आली, थांबली, आमच्याकडे बघून हसली आणि तो आमच्यावर सोपवून पुढे गेली. सभागृहातल्या प्रत्येकाने तो मनातल्या मनात लावला. मी लिहिलं, "असा सुरेल स्वर मी यापूर्वी ऐकलेला नाही, आणि तो कुणीच गायला नाही."

सुनेने लेख उभ्याउभ्या वाचला, मग बसून पुन्हा वाचला. तिचा चहा निवला तरी लक्ष नाही. शेवटी विचारते, "आई, हे सगळं तुम्हाला आधीपासून दिसायचं?" मी म्हटलं, चहा गरम करून घे.

१७ फेब्रुवारी

सुनेचं काहीतरी बिनसलंय. आठवड्यातून दोन-तीनदा दुकानातून उशिरा येते. माल मोजायचा होता म्हणते. चष्म्याच्या दुकानात मोजायला असतं तरी किती? सकाळी मिठाच्या पाण्याने गुळण्या करते. न्हाणीघरात दार लावून जाड आवाजात स्वतःशी बोलते. काल कानामागे कसलासा पांढरा लेप राहिला होता. विचारलं, तर मलम म्हणाली.

शिवाय माझ्याकडे टक लावून बघते. मी सामानाचे डबे लावत होते. झाकण नीट बसलं की नाही हे वरून दोनदा टिचकी मारल्याशिवाय कळत नाही, आणि हे या घरात माझ्याशिवाय कुणी करत नाही. मागे वळले तर ही दारात उभी. काय गं, म्हटलं. काही नाही म्हणाली. संध्याकाळी विचारते, "आई, जिना चढताना तुम्ही आधी कुठला पाय टाकता?" मी म्हटलं, जो रिकामा असेल तो.

मुलाला फोन करून सांगितलं की तुझी बायको हल्ली जरा वाकून चालते, डॉक्टरला दाखवायला हवं. तो हसत सुटला. माझं मेलं कुणी ऐकूनच घेत नाही.

एक मात्र बरं झालं. चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणून वर्षभर माझ्यामागे भुणभुण लावली होती, हल्ली विषयच काढत नाही. माझे डोळे ठणठणीत आहेत हे पटलं असणार.

२ मार्च

काल दुपारी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग पाहिला आणि अजून मी त्यातच आहे.

गोष्ट साधी आहे. नवा रस्ता जाणार म्हणून एका म्हातारीचं घर पाडायचं ठरलंय. ती जायला तयार होते, पण घर स्वच्छ करून मगच. उद्या जे घर पडणार त्याच्या खिडक्या ती आज घासून पुसते. गाडी घेऊन आलेल्या माणसांना पायपुसण्यावर पाय पुसायला लावते. बांधाबांध करताना प्रत्येक डब्याच्या झाकणावर टिचकी मारून बघते. लोक हसून हसून लोळत होते. मला नाही एवढं हसू आलं. झाकण तपासायला नको का?

या म्हातारीला गोड बोलणं म्हणून ठाऊक नाही. तिच्याकडे एक भाडेकरू मुलगी आहे, तिलाही सतत बोलते. पण शेवटच्या रात्री ती मुलगी तापाने फणफणते. म्हातारी शेजारी बसते. एक शब्द बोलत नाही. थोड्या वेळाने मुलीचं डोकं उचलते, उशी उलटते आणि थंड बाजू वर करून डोकं परत ठेवते. पुन्हा जराशाने उलटते. तेवढंच. पडद्यापर्यंत तेवढंच. शेजारच्या खुर्चीतला दांडगा गृहस्थ नाक शिंकरत होता. माझीही परिस्थिती काही वेगळी नव्हती.

चौथ्या रांगेतून चेहरे जरा पुसट दिसत होते. दिव्यांची व्यवस्था सुधारायला हवी, पण ते लिहिणार नाही. म्हातारीचं काम करणाऱ्या नटीचं नाव कार्यक्रमपत्रिकेत नुसतं 'चिमणी' असं छापलंय. चांगली साठीची असावी. एवढी वर्षं कुठे दडून बसली होती कोण जाणे.

सकाळी लेख लिहून सुनेला वाचून दाखवला. "ही बाई अभिनय करत नाही, घर आवरते, आणि आवरता आवरता आपलं मन पसरून ठेवते." पुढे उशीचं लिहिलंय: "हे लेखकाला सुचलं असेल तर त्याला दंडवत. प्रेम बोलून दाखवणारी माणसं पुष्कळ पाहिली. ते असं उलटून थंड बाजूने देणारी ही पहिलीच." एवढं वाचलं तोच ती उठली, मोरीपाशी गेली आणि नळ सोडून पाठमोरी उभी राहिली. सर्दी झालीय तिला. नळ बंद करून आली तेव्हा नाक लाल होतं.

"ती नटी खरंच इतकी चांगली होती, आई?"

मी म्हटलं, अगं, हे कुणी शिकवून येत नाही. तिच्या घरात अशी एक हट्टी म्हातारी असणार आणि तिने ती रोज बघितलेली असणार. बिचारीने कसे दिवस काढले असतील कोण जाणे.

यावर तिला जो ठसका लागला तो पाणी पिऊनही थांबेना. पाठ चोळून दिली.

८ मार्च

लेख छापून आला. प्रयोगांना गर्दी होते आहे, लोक भिंतीला टेकून बघतात म्हणे. आता संपादकाला चिमणीबाईंची मुलाखत हवी आहे. सुनेला सांगितलं, तर म्हणते, कशाला उगाच, नटमंडळींना वेळ नसतो. मी म्हटलं, माझ्यासाठी काढतील. तिने पुढे दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. काय ते बोल म्हटलं. म्हणाली, "उद्या जाल तेव्हा जपून जा."

जपून काय? मी काय लढाईवर चाललेय?

१० मार्च

काल प्रयोग संपल्यावर रंगपटाचं दार वाजवलं. आतून "या" असा आवाज आला आणि तो मला ओळखीचा वाटला. आरशासमोर ती म्हातारी पाठमोरी बसली होती. मी नाव सांगितलं, साप्ताहिकाचं नाव सांगितलं, आपलं काम पाहून भारावून गेले म्हणून सांगितलं. तिने दोन्ही हातांनी पांढरे केस उचलून टेबलावर ठेवले. खाली काळे केस होते. ती वळली.

"आई, बसा ना," माझी सून म्हणाली.

मी बसले नाही. मुलाखत नंतर घेईन म्हटलं आणि चालत घरी आले. बस पकडायचीही आठवण राहिली नाही.

एका ताटलीतला टोस्ट दोघी खातो आणि मला पत्ता नाही. मुलाला ठाऊक होतं. दुकानाच्या मालकाला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक असणार. आणि मी तिच्यासमोर बसून तिचीच स्तुती तिला वाचून दाखवली. त्याहून वाईट म्हणजे मी आपल्याच सुनेला छापून डोक्यावर घेतलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. त्या 'श' न येणाऱ्या मुलाची आई आता काय म्हणेल?

११ मार्च

काल रात्रीचं जेवण वाढताना तीच बोलली. सांगताना डोळ्यांत पाणी नव्हतं. मला तिचं ते आवडलं.

लग्नाआधी ती नाटकात कामं करायची. चिमणी हे माहेरचं लाडाचं नाव. या भूमिकेसाठी तिची निवड झाली त्याच आठवड्यात माझं पहिलं परीक्षण छापून आलं. ते वाचून तिला वाटलं, आता घरात कळलं तर तालमीला निघताना पाय अडखळतील. पुढे मी घरट्यांवर लिहिलं, गायिकेवर लिहिलं, आणि तिच्या मनाने घेतलं की न सांगता बघू, माझ्याबद्दल काय लिहितात.

"म्हणजे माझी परीक्षा घेतलीस."

"हो."

"आणि चष्मा?"

"तुमचा नंबर पुष्कळ वाढलाय. तुमचा लेख छापून आला की नवा करून देणार होते."

मी हसायचं नाही असं ठरवलं होतं. जमलं नाही.

१२ मार्च

संपादकाकडे जाऊन सदर सोडते म्हणून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, लिहिलंत तेव्हा ठाऊक होतं का? नव्हतं. मग आता ठाऊक झाल्यावर त्यातलं काय खोडणार? मी घरून निघाल्यापासून तेच शोधत होते. काहीच सापडलं नव्हतं.

तरी मी खुलासा छापायला लावला. त्याला तो नको होता, उगाच गाजावाजा होईल म्हणाला. मी म्हटलं, वाचकांपासून लपवलेलं मला चालणार नाही, घरात पुरेसं लपवून झालंय. मजकूर असा दिला: "ज्या नटीचं मी कौतुक केलं ती माझी सून आहे. लेख लिहिताना मला हे माहीत नव्हतं. चष्मा जुना होता. नव्या चष्म्यातून नाटक पुन्हा पाहिलं जाईल. तूर्त एकही शब्द मागे घेत नाही."

आणि त्या 'श'वाल्या मुलाच्या नव्या नाटकालाही येत्या आठवड्यात जाणार आहे. जागेवरून उठणार नाही.

२५ मार्च

काल नाटकाचा प्रयोग शेजारच्या गावी होता. मंडळींनी मलाही बसमध्ये घेतलं. मुलगा सुट्टीवर आलाय, तोही होता. नव्या चष्म्यातून जग जरा जास्तच स्पष्ट दिसतं. मुलाच्या शर्टाला दोन बटणं नाहीत.

मी विंगेत उभी राहून बघायचं ठरवलं. तिथे अंधार होता. पाठ भरून आली म्हणून कमरेवर हात ठेवून उभी होते, तेवढ्यात रंगमंचाची व्यवस्था बघणाऱ्या माणसाने माझं कोपर धरलं आणि कानाशी म्हणाला, "चला, चला, तुमची एन्ट्री आली." मी अहो, अहो करेपर्यंत त्याने मला दोन पावलं पुढे ढकललंही होतं. बरं झालं मी त्याचा हात झटकला, नाहीतर उजेडातच गेले असते. आणि मग समोर पाहिलं. पलीकडच्या विंगेत सून उभी होती. तशीच वाकलेली, तसाच हात कमरेवर, मान तशीच एका बाजूला कलती. मी घाईने हात खाली घेतला. तिने घेतला नाही.

मग ती उजेडात आली आणि मी सगळं नाटक पुन्हा पाहिलं. खिडक्या. पायपुसणं. टिचक्या. या वेळी मला हसू आलं, इतकं की तोंडावर शाल दाबून धरावी लागली. मुलगा मागे उभा राहून हसत होता, नाटकाला नव्हे, मला.

परतीच्या बसमध्ये मी तिच्या शेजारी बसले. बाहेर अजून उजेड होता. थोडा वेळ शेतं बघितली आणि सरळ विचारलं, "ती बाई मी आहे का?"

"हो."

"मी इतकी हट्टी आहे?"

"नाटकात थोडी कमी केलीय."

पुढच्या बाकावरची पोरं वळून बघायला लागली, ती पुन्हा समोर वळेपर्यंत मी गप्प बसले. मग विचारलं, ते उशीचं कुणी लिहिलं. लेखकाने लिहिलेलं नव्हतं. त्याने म्हातारीला एक लांबलचक भाषण दिलं होतं, माया, जिव्हाळा वगैरे. हिने तालमीत ते भाषण बाजूला ठेवलं आणि उशी उलटली.

"लग्नानंतर पहिल्याच वर्षी मला ताप आला होता. हे तेव्हाही कामावर होते. तुम्ही आलात, बसलात, एक शब्द बोलला नाहीत. रात्रभर उशी उलटत होतात. मला जाग होती, आई."

मी आठवून पाहिलं. ताप आठवला, डॉक्टर आठवले, उशी काही केल्या आठवेना. ते मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, म्हणूनच खरं आहे.

मग मी तिला सांगायला सुरुवात केली. कागदावर लिहिणं सोपं आहे. शेजारी बसलेल्या माणसाला तोंडावर चांगलं म्हणायचं म्हणजे महाकठीण. तरी म्हटलं. माणसं पाय पुसतात तेव्हा ती त्यांच्याकडे न बघता त्यांच्या बुटांकडे बघते, ते फार चांगलं. रिकाम्या कपाटावरून शेवटचा हात फिरवताना ती जिथे जरा थांबते, तिथे थांबायचं तिला बरोबर कळलं, असं सांगितलं. आवाज कुठे खाली आणते ते सांगितलं. मला वाटतं मी बराच वेळ बोलत होते. उत्तर येईना म्हणून वळून पाहिलं, तर ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेली होती. राहिलेलंही मी सांगून टाकलं.

घर येईपर्यंत खांदा हलवला नाही. आज सकाळी मान वळत नाही, हात वर होत नाही. सून मलम घेऊन आली होती. मी म्हटलं, असू दे, एवढं काही दुखत नाही.